सात सीटांची गाडी

६ जानेवारी २०२५, सोमवार

सात माणसं बसतील अशी गाडी घ्यायची, हे मी मस्कत सोडण्याआधीच ठरवलं होतं. आज रझियाला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. "बघू या," एवढंच म्हणाली.

मस्कतला पंचवीस वर्षं मी एका कारखान्यात बसच्या आणि मोटारींच्या सीटा बनवल्या. शेवटची अकरा वर्षं फोरमन होतो. रोज काम संपलं की जॉबशीट भरायची: गाडी कोणती, फोम किती जाडीचा, शिलाई कोणाची, चूक कुठे झाली. घरी येऊन महिना झाला. भरायला शीट नाही, म्हणून ही वही. घरात आम्ही आपली कोकणी बोलतो, पण लिहायला बसलं की हात शाळेतल्या मराठीकडेच वळतो.

सात माणसं म्हणजे मी, रझिया, अम्मी, मुलगी हुदा, मुलगा तन्वीर, त्याची बायको अलिझा, आणि त्यांना पुढेमागे मूल होईल ते. तन्वीर मुंबईला नोकरी करतो, पण ईदला, लग्नकार्याला येणारच. रत्नागिरीत माणसं गाडीचा रंग बघतात, पुढचा टीव्हीसारखा पडदा केवढा ते बघतात. कोण कुठे बसणार आणि तीन तासांनी त्याची कंबर काय म्हणणार, हे कोणी बघत नाही. मी बघणार.

९ जानेवारी, गुरुवार

आज घरातल्या सगळ्यांची मापं घेतली. भिंतीला पाठ टेकवून बसवायचं आणि पाठीपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत मोजायचं. अम्मी ऐंशी वर्षांची, दोन वर्षांपूर्वी तिचा खुबा मोडला होता. ती हसत होती, म्हणाली, कफनाचं माप घेतोस काय. तिची पाठ ते गुडघा ५१ सेंटिमीटर. हुदाची ५७. हुदा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती अगदी ताठ बसली, मी सांगेपर्यंत हलली नाही. फार गुणी पोर आहे, कधी कशाला नाही म्हणत नाही.

रझियाला वेळ नव्हता. तिची मैत्रीण राजश्री आणि ती मिळून डबे करतात, त्याचे फोन दिवसभर चालू असतात.

१२ जानेवारी, रविवार

लहान गाडी पाहिली. नावं लिहीत नाही. लहान, मधली आणि मोठी असंच म्हणेन.

पुढच्या सीटा चांगल्या, फोम घट्ट. दाबून सोडला की लगेच वर येतो. मागे दोघांना आराम, तिसऱ्याला मधे उंचवट्यावर बसावं लागतं. हुदाच्या गुडघ्यापुढे चार बोटं जागा राहिली. बैठकीची लांबी ४६. म्हणजे मांडीचा पुढचा भाग अधांतरी, तासाभरात पाय भरून येणार. पाच जणांची गाडी म्हणून विकतात, पण बसणार चारच.

रझिया मागे डिकीपाशी उभी होती. तिने विनोदला, म्हणजे तिथल्या विक्रेत्याला, मागची सीट पाडून दाखवायला सांगितली आणि हाताने आतली रुंदी मोजली. बॅगांचा विचार करत असावी. तिला म्हटलं, सीट पाडली तर माणसं कुठे बसणार? ती परत रुंदी मोजायला लागली.

१४ जानेवारी, मंगळवार

मधली गाडी. पाच सीटा. मागे तिघं नीट बसतात, पाठीचा कल बदलता येतो. अम्मीला नेलं होतं. तिची पाठ दाराकडे करून बसवलं, मग पाय आत घेतले. कोणाचा हात न धरता बसली. जमिनीपासून बैठक ६७ सेंटिमीटर, तिचा खुबा बरोबर तेवढ्यावर येतो. पण पाचच जागा. सोडून दिली.

१८ जानेवारी, शनिवार

मोठी गाडी. हीच घेणार. मधली रांग म्हणजे दिवाणखाना आहे. हुदाच्या गुडघ्यापुढे अख्खी वीत उरते. अम्मीला चढायला त्रास झाला. पायरी उंच, आणि वर जाऊन वळून बसावं लागतं. विनोद आणि मी दोघांनी धरून चढवली. पाटाएवढी एक जादा पायरी बसवता येईल.

मागच्या रांगेत मी स्वतः बसलो. पाय ठेवायची जागा आणि बैठक यांत फक्त २६ सेंटिमीटर. गुडघे छातीशी येतात, सगळा भार माकडहाडावर. मागच्या चाकांच्या अगदी वर आहे, त्यामुळे खड्डे थेट लागतील. फोम वाढवला तर सुधारेल, ते काम माझंच.

चालवून पाहिली. नाचणे गावापर्यंत जाऊन आलो. मस्कतला सगळं उजव्या बाजूने, इथे डाव्या. एवढ्या वर्षांची सवय, जाईल चार दिवसांत. विनोद पूर्ण वेळ दारावरचं हँडल धरून बसला होता. दोनदा म्हणाला, "काका, डावीकडून घ्या." माणूस जरा घाबरट आहे.

रझिया घरी आल्यावर म्हणाली, गाडी घ्यायच्या आधी लांबच्या रस्त्यावर एकदा बसून बघू. तिची बहीण आंजर्ल्याला दिली आहे, तिच्याकडे जाऊ. आमचा शेजारी गंगाराम प्रवासी वाहतूक करतो, त्याच्याकडे नेमकी हीच मोठी गाडी आहे. मला ही कल्पना आवडली. गंगाराम ड्रायव्हर देत होता, मी नको म्हटलं.

२६ जानेवारी, रविवार. आंजर्ले

सकाळी सातला निघालो. मी चालवायला, शेजारी रझिया, मधल्या रांगेत अम्मी. हुदाला मागच्या रांगेत बसायला सांगितलं. कोणी मागे बसल्याशिवाय त्या रांगेचं खरं कळणार नाही. "हो अब्बा," म्हणाली आणि सीट पुढे सरकवून आत गेली.

जयगडला फेरीबोटीत गाडी चढवली. तिकीटवाला रझियाला म्हणाला, "भाभी, आज टोप नाहीत?" दुसरी कोणीतरी समजला असेल. रझिया हसली आणि त्याच्या मुलीचं बाळंतपण झालं का, ते विचारलं.

गुहागरला थांबलो तेव्हा हुदाला विचारलं, कसं वाटतंय. "ठीक आहे अब्बा." नाश्ता केला नाही तिने. मागच्या रांगेच्या काचा उघडत नाहीत, ही एक नोंद.

धोपाव्याला दुसरी फेरी घेतली, पलीकडे दाभोळला उतरलो. जेटीवरून चढ लागतो. रस्ता रिकामा होता. रझिया म्हणाली, "डावीकडे घ्या." मला वाटलं, पुढच्या वळणाबद्दल सांगतेय. वळणावर समोरून एसटी आली. ती तिच्या बाजूने होती. मीही तिच्याच बाजूने होतो.

दोघांनी ब्रेक मारले. मी गाडी बाजूला घेतली, आरसा रस्त्याकडेच्या दगडी गडग्याला घासला. एसटीच्या आणि आमच्या मधे हातभर जागा राहिली असेल. एसटीचा ड्रायव्हर खाली उतरला. मला वाटलं शिव्या देईल. त्याने आत बघितलं, अम्मी दिसली, मागे हुदा दिसली. "काका, घरची माणसं आहेत गाडीत," असं म्हणाला आणि आपली बस मागे घेतली.

ही गाडी जास्त रुंद आहे, एवढ्या अरुंद रस्त्याला.

रझिया म्हणाली, "उतरा. मी घेते."

मला कळलं नाही ती काय घेते. ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली, ओढणी खांद्यावरून बांधली, सीट पुढे ओढली आणि गाडी चालवायला लागली. दापोली, मग हर्णैची उतरण, मग खाडीवरचा पूल. मधे दोनदा मागून येणाऱ्याला हात दाखवून पुढे जाऊ दिलं. ती गाडी शिकली हे तिने मला सहा वर्षांपूर्वी फोनवर सांगितलं होतं. मी स्कूटर समजलो होतो.

पुढच्या डाव्या सीटची नोंद: मांडीखाली आधार चांगला, कमरेला थोडा कमी. दारावरचं हँडल हाताला बरोबर येतं. एसी जास्त होता.

२७ जानेवारी, सोमवार. घरी

परत येताना रझियाच चालवत होती. हुदा आपणहून मागच्या रांगेत जाऊन बसली. मी काल सांगितलेलं होतं, म्हणून.

दापोली सोडून थोडं पुढे आलो आणि रझियाने एकदम गाडी कडेला घेतली. मी काही विचारायच्या आत ती उतरून मागे गेली होती. हुदाने बाहेर येऊन तीनदा ओकारी केली. रझियाच्या पर्समध्ये कापलेलं लिंबू होतं, पिशवी होती, टॉवेल होता. म्हणजे घरून निघतानाच घेतलं होतं.

अम्मी मला म्हणाली, "तिला गाडी लागते ना." मला माहीत असल्यासारखी म्हणाली.

कधीपासून, असं विचारलं. लहानपणापासून. मग हुदाला विचारलं की काल मागे बसायला सांगितलं तेव्हा बोलली का नाहीस. ती दगडावर बसली होती, तोंड धुतलेलं. म्हणाली, "तुम्ही दोन वर्षांतून एकदा महिनाभर यायचात, अब्बा. त्या महिन्यात तुम्हाला नाही म्हणायचं नाही, असं मी आणि भाईने ठरवलेलं होतं."

मी म्हटलं, आता महिना नाही. आता कायमचा आलोय.

"हो," म्हणाली. "सवय व्हायला वेळ लागेल."

मी रझियाला विचारलं की मुंबई विमानतळापर्यंत एवढ्या वेळा सगळे मला सोडायला आलात, आठ-नऊ तासांचा रस्ता, तेव्हा कधी हिला उलटी झालेली मी पाहिली नाही. रझियाने टॉवेल पिळला. "जाताना ती गोळी घेऊन तुमच्या मांडीवर झोपायची. येताना गोळी घ्यायला तयार नसायची. पनवेलपासून घरापर्यंत हेच चालायचं. तुम्ही परतीचा प्रवास कधी केलाच नाहीत."

ती रागाने बोलली नाही. माहिती सांगतात तसं सांगितलं.

तिथून हुदा पुढे बसली, मी मागच्या रांगेत. जयगडपर्यंत गुडघे छातीशी.

१ फेब्रुवारी, शनिवार

चार दिवस काही लिहिलं नाही. गंगारामच्या आरशावरचा ओरखडा घासून काढून दिला. तो म्हणाला, असू दे. मी म्हटलं, नाही असू द्यायचं.

३ फेब्रुवारी, सोमवार

तन्वीरचा फोन आला. त्याला दोहाला नोकरी लागली आहे. एप्रिलमध्ये अलिझाला घेऊन जाणार. नोव्हेंबरमध्येच नक्की झालं होतं. मी येणार म्हणून सांगितलं नाही, आणि मी आल्यावर सीटा मोजायला लागलो म्हणून सांगितलं नाही. म्हणाला, "अब्बा, गाडी लहान घ्या."

मी त्याला सांगितलं की घर घेतल्यावर गादी स्वतःची विकत घे, तिथे आधीच्या भाडेकरूची टाकलेली असते ती वापरू नकोस, पाठ जाते. आणि बायकोला बरोबर नेतोयस ते चांगलं करतोयस.  फोन ठेवल्यावर अम्मी म्हणाली, पोरगा बापावर गेला. मला वाटतं कौतुकाने म्हणाली.

५ फेब्रुवारी, बुधवार

रझिया डबा विसरली म्हणून राजश्रीच्या घरी द्यायला गेलो. याआधी कधी गेलो नव्हतो.

घरामागे चिऱ्याची मोठी शेड आहे. चार चुली गॅसच्या, दोन लाकडाच्या. मला गुडघ्यापर्यंत येतील असे टोप. चार बायका कांदा चिरत होत्या, राजश्री फळ्यावर तारखा लिहीत होती. साखरपुडा खेडशीला, लग्न पावसला, बँकेतला निरोप समारंभ, गुहागरला एक वलीमा, निकाहानंतरची मेजवानी. ह्यालाच मी आजवर डबे म्हणत आलो.

राजश्री मोकळी बाई आहे. तिनेच सांगितलं. त्यांची जुनी व्हॅन डिसेंबरमध्ये कायमची बंद पडली. तेव्हापासून टोप रिक्षातून जातात. मागच्या आठवड्यात मारुती मंदिरच्या वळणावर बिर्याणीचा एक टोप कलंडला. लग्नघरी ऐनवेळी दुसरा भात करून दिला. गेले दोन महिने दोघी गाडीच्या शोधात होत्या. तेवढ्यात मीच गाडी बघायला लागलो.

रझिया कांद्याच्या परातीशी उभी होती. मला का नाही सांगितलंस, म्हटलं. "तुम्ही एवढ्या हौसेने मोजत होतात," ती म्हणाली.

मग मी विचारलं, तुला गाडीत काय पाहिजे? ती म्हणाली की हे तुम्ही पहिल्यांदा विचारताय. मला वाटलं, तसं नसेल, आधीही विचारलं असेन. घरी येऊन ही वही पहिल्या पानापासून चाळली. नाही विचारलेलं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज रझिया, राजश्री आणि मी तीन मोठे टोप घेऊन शोरूमला गेलो, रिक्षातून. विनोदने आधी टोपांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, आज ह्या दोघींना विचार.

लहान गाडी: मागची सीट पूर्ण पाडली तर दोन टोप आत जातात, पण छत मागे उतरतं आलंय. दुसऱ्या टोपावर झाकण बसत नाही.

मोठी गाडी: मागची रांग पाडली की जागा भरपूर. पण तळ फार उंच. राजश्रीने आणि रझियाने भरलेला टोप धरल्यासारखं करून उचलून बघितलं. छातीपर्यंत न्यावा लागतो. गरम टोप दोन बायकांनी छातीपर्यंत उचलायचा नाही. ह्या गाडीच्या तळाची उंची मी कधी मोजलीच नव्हती. बैठकीचीच मोजली होती.

मधली गाडी: मागच्या सीटचे दोन भाग आहेत. मोठा भाग पाडला की तळ सपाट होतो, तीन टोप ओळीने उभे राहतात आणि शेजारी एका माणसाची सीट शिल्लक राहते. डिकीचा उंबरा मांडीएवढ्या उंचीवर. आणि अम्मीला ह्याच गाडीत कोणाचा हात लागला नव्हता. रझिया चालकाच्या जागेवर बसली, सीट वर घेतली, आरसे लावले. बराच वेळ बसली. उतरताना म्हणाली, "पाठीला बरी आहे. पण मांडीखाली तुम्ही म्हणता तसं थोडं कमी पडतं."

ते मी करीन, म्हटलं.

मधली नोंदवली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सोमवारपासून ड्रायव्हिंग स्कूलला जातो. शिकवणाऱ्याचं नाव अनिल, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. गाडीवर लाल अक्षरात एल. पहिल्या दिवशी ओळखीचे तिघं भेटले. अनिलने विचारलं, काका, तुमच्याकडे तर लायसन आहे. मी म्हटलं, आहे, पण माझे हात अजून मस्कतला आहेत.

दाभोळला गाडी रुंद नव्हती. चूक माझी होती. मागे जे लिहिलं ते खोडत नाही, पण हे खाली लिहून ठेवतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

गंगारामने त्याच्या गाडीची मागची रांग माझ्याकडे आणून टाकली. गोव्याचे प्रवासी फार कुरकुर करतात, म्हणाला. बैठक सहा सेंटिमीटर उचलली, पुढची कड गोल केली. अंगणात बसून काम करताना संध्याकाळ कधी झाली कळलं नाही. अम्मी खुर्ची टाकून बघत होती. तिने विचारलं, तू तिकडे हेच करत होतास होय. पंचवीस वर्षांत तिने माझं काम पाहिलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुसरा एक गाडीवाला चौकशी करून गेला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल गाडी आली. आज पहिली ऑर्डर, रमजानआधीचं शेवटचं लग्न, पावसला. राजश्री पुढे बसने गेली.

दुपारी शेडमागे गाडी लावून तीन टोप चढवले. टोपांच्या शेजारी जी एक सीट राहते ती थोडी अरुंद होते, म्हणून मी तिच्यासाठी बाजूची गादी शिवून ठेवली होती. टोपाची ऊब लागू नये म्हणून आत दुहेरी फोम. हुदा वाढायला मदत करणार होती, म्हणून तीही येत होती. मी तिला म्हटलं, जरा मागे बसून बघ, गादी खांद्याला लागते का.

ती पुढचं दार उघडून उभी होती. "नाही अब्बा," म्हणाली. "मी पुढे बसणार. मागे तुम्ही बसा."

आणि बसली. पट्टा लावला, काच खाली केली.

जरा तोडून बोलली. पहिल्यांदाच असं बोलली माझ्याशी. रझिया माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणतोय म्हणून. मी मागचं दार उघडून टोपांच्या शेजारी बसलो. गादी खांद्याला लागत नाही.

भाट्याचा पूल ओलांडला तेव्हा हुदा आईशी कॉलेजमधल्या कुठल्यातरी सरांबद्दल बोलत होती, मधेच मागे वळून मलाही सांगत होती. मला अर्धं कळलं. मांडवीकडून वारा येत होता. रझियाने आरशातून मागे पाहिलं आणि म्हणाली की तिसऱ्या टोपाचं झाकण सैल दिसतंय, ते धरून बसा.

पावस येईपर्यंत धरून बसलो. फार गरम होतं.